लाट कुणी जिंकत नाही

दर हिवाळ्यात पोर्तुगालमधल्या नाझरे गावाहून एक छायाचित्र जगभर जातं. पुढे कड्यावरचा जुना किल्ला आणि त्याचं दीपगृह, कठड्याला खेटून उभी माणसं, आणि त्यांच्या मागे, दीपगृहाहून उंच भासणारी पाण्याची भिंत. त्या भिंतीवर एक पांढरी रेघ आणि रेघेच्या टोकाला मुंगीएवढा माणूस. छायाचित्राखालचा मथळा कुठल्याही भाषेत वाचा, क्रियापद एकच असतं : जिंकणं. अमक्याने महाकाय लाट जिंकली, तमक्याने समुद्राला नमवलं.

माझं भांडण या क्रियापदाशी आहे. लाट जिंकता येत नाही. ती काही क्षणांत फुटते, संपते आणि तिच्यामागून दुसरी येते. ज्याला आपण विजेता म्हणतो तो तोवर तिच्यापुढून पळालेला असतो, आणि पळता आलं म्हणूनच जिवंत असतो. हे बोलणं कुणाला शब्दच्छल वाटेल. पण या खेळात शब्दांनी माणसं ढकलली जातात, असं माझं म्हणणं आहे.

हा खेळ ज्यांचा, त्या हवाईच्या लोकांनी त्याला 'हेए नालू' म्हटलं. नालू म्हणजे लाट. हेए म्हणजे घसरणं, सटकणं, आणि पळ काढणंसुद्धा. पुकुई आणि एल्बर्ट यांच्या हवाईयन शब्दकोशात नालूचा आणखी एक अर्थ आहे : मनन करणं, मनात घोळवणं. हवाईयन माणूस रोज समुद्रावर जाताना हे सगळे अर्थ मनात धरून जातो, असा दावा मी करणार नाही. आपणही 'प्रवास' म्हणताना धातू-उपसर्ग आठवत नाही. पण त्या भाषेने जिंकण्याचा शब्द निवडला नाही, हे तर दिसतं. मराठीत हेएसाठी नेमका शब्द आहे : निसटणं. हातातून मासा निसटतो, पाय निसटतो, आणि संकटातून माणूसही निसटतो.

मग जिंकणं आलं कुठून? १९०७ साली जॅक लंडन वायकीकीच्या किनाऱ्यावर उतरला, स्वतः फळीवर उभं राहायचा प्रयत्न केला, उन्हाने भाजून निघाला आणि एक लेख लिहिला. त्या लेखातला लाटेवरचा माणूस म्हणजे सृष्टीचा धनी आहे. ज्या बेटांवरची राणी पदच्युत करून अमेरिकेने १८९८ मध्ये ती आपल्यात जोडून घेतली होती, त्याच बेटांवर नऊ वर्षांनी एक अमेरिकन लेखक सत्तेची भाषा लाटेला लावत होता. हा योगायोग मला निरागस वाटत नाही. तेव्हापासून आपण लंडनचाच अनुवाद करत आलो आहोत, मूळ हवाईयनचा नव्हे.

आता प्रत्यक्ष लाटेकडे पाहू. नाझरेसमोर समुद्रतळाशी सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची दरी आहे. खोल समुद्रात ती पाच किलोमीटरपर्यंत खोल जाते आणि तिचं तोंड थेट किनाऱ्यापाशी येतं. उत्तर अटलांटिकमधल्या वादळांनी उठवलेल्या लाटा या दरीवरून वेग न गमावता येतात. शेजारच्या उथळ तळावरून येणाऱ्या लाटा मात्र मंदावतात. दोन्ही वळून किनाऱ्यापाशी भेटतात आणि एकमेकींवर चढतात. समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचं वजन एक टनाहून जास्त असतं. त्या भिंतीत असे किती घनमीटर असतील ते मोजत बसण्यात अर्थ नाही. तिचा वेग इतका, की हातांनी वल्हवून ती गाठणं जवळपास अशक्य. म्हणून जेट-स्कीच्या मागे दोरी धरून जायचं आणि नेमक्या क्षणी दोरी सोडायची.

थरार खोटा नाही, आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. उतरताना पायांखालची फळी खडबडीत पाण्यावर आपटत असते, डोक्यामागे पाणी कोसळण्याचा आवाज असतो, आणि काही सेकंदांपुरतं मागचं-पुढचं काही उरत नाही. अशी एकाग्रता माणसाला फार थोड्या जागी मिळते. पण पडलं तर? फेसाळ पाण्यात हवाच जास्त, ते अंग तोलून धरत नाही. खाली अंधार असतो, वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळत नाही. वर येऊन एक श्वास घ्यावा तोच पुढची लाट डोक्यावर. २०१० मध्ये मॅव्हरिक्सला शेन डोरियन असाच दोन लाटांखाली दबून मरता मरता वाचला, आणि त्यातून वायूच्या नळकांड्याने फुगणारा पोशाख तयार करण्याच्या मागे लागला. आज तसं जाकीट घातल्याशिवाय या लाटांवर क्वचितच कुणी जातं. जिंकायला निघालेल्याचं हे चिलखत नव्हे. निसटू पाहणाऱ्याची ही सोय आहे.

२०१३ मध्ये नाझरेला ब्राझीलची माया गबेरा पडली. घोटा मोडला, शुद्ध हरपली. तिचा साथीदार कार्लोस बुर्ले याने तिला पाण्यातून ओढून काढलं, वाळूवर तिच्या छातीवर दाब देऊन तिला परत आणलं. ती बरी झाली, परत गेली, आणि २०२० मध्ये तिने घेतलेली साडेत्र्याहत्तर फुटी लाट त्या हंगामात कुणीही, म्हणजे पुरुषांनीही, घेतलेल्या लाटांत सर्वांत मोठी ठरली. त्याआधीच्या, २०१८ मधल्या लाटेची नोंद व्हावी म्हणून मात्र तिला जाहीर अर्ज करून लोकांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या. विजेत्याचा साचा पुरुषाच्या मापाचा असला की बाईने केलेली गोष्ट त्यात लवकर बसत नाही.

दुसऱ्या टोकाला मार्क फू. २३ डिसेंबर १९९४, कॅलिफोर्नियातलं मॅव्हरिक्स. तो पडला त्या लाटेची छायाचित्रं आहेत. कॅमेरे हजर होते. तो वर आला का, हे पाहणं मात्र कुणाचं ठरलेलं काम नव्हतं. इतर जण लाटा घेत राहिले. त्याचं शरीर तासाभराहून अधिक वेळाने सापडलं. त्या दिवसातली ती सर्वांत मोठी लाटही नव्हती.

याच फूच्या नावावर या खेळातली सर्वांत गाजलेली घोषणा आहे : एडी असता तर गेला असता. एडी आइकाऊ हा वायमियाचा जीवरक्षक. मोठ्या लाटा तो घेत असेच, पण त्याचं काम बुडणाऱ्यांना बाहेर काढण्याचं होतं. मार्च १९७८ मध्ये 'होकुलेआ' ही पारंपरिक जोडनाव उलटली, तेव्हा सोबत्यांसाठी मदत आणायला तो फळीवर एकटा निघाला. सोबती वाचले, एडी कधीच सापडला नाही. आज त्याचं नाव टी-शर्टवर छापून लोक एकमेकांना लाटेत ढकलतात. एडी गेला असता, हे खरंच आहे. तो दुसऱ्याला आणायला गेला असता. घोषणेने क्रियापद ठेवलं आणि कारण गाळलं. अनुवादात असं केलं तर आपण त्याला चूक म्हणतो.

फुटांचं वेडही याच भाषेचं पिल्लू आहे. २०११ मध्ये गॅरेट मॅक्नमारा ७८ फूट, २०१७ मध्ये रॉड्रिगो कोशा ८०, २०२० मध्ये सेबॅस्टियन स्टॉइटनर ८६. हे आकडे छायाचित्रावरून काढतात, आणि लाटेचा पाया नेमका कुठे धरायचा यावर वाद होतात. हवाईत तर लाट मोजायची जुनी रीत अशी, की आकडा समोरच्या भिंतीच्या साधारण निम्माच येतो. विक्रमाच्या नोंदीत स्वाराचं नाव असतं. त्याला आणून सोडणाऱ्या आणि फेसात शिरून उचलणाऱ्या स्कीचालकाचं नसतं. जानेवारी २०२३ मध्ये मार्सियो फ्रेइरे नाझरेला गेला. तिथे सर्फिंग करताना झालेला तो पहिला मृत्यू. मोठ्या लाटांवर आयुष्य काढलेला, यंत्राशिवाय हातांनी वल्हवून मोठ्या लाटा घेणाऱ्यांत नाव असलेला हा माणूस. लाट अनुभवाची कदर करत नाही आणि विक्रमाचीही नाही.

विरोधक म्हणतील, मग हा जीवघेणा चोचला हवाच कशाला? हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. नाझरे हे मच्छीमारांचं गाव. तिथल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या वाळूवर बसून होड्यांची वाट पाहिली, कित्येकींनी काळे कपडे घातले ते उतरवले नाहीत. पोटासाठी समुद्रात गेलेल्यांचं छायाचित्र कुणी काढलं नाही. हौसेने जाणाऱ्यासाठी दुसऱ्याने जीव पणाला लावावा का, हाही प्रश्न खराच आहे. पण 'मरणाची हौस' म्हणणारे आणि 'समुद्राला नमवलं' म्हणणारे एकाच गोष्टीकडे डोळेझाक करतात. दोघांनाही एकटा माणूस आणि लाट एवढंच दिसतं; कड्यावरून वॉकीटॉकीवर लाटा सांगणारा, स्की चालवणारा आणि वाळूवर छाती दाबणारा दिसत नाही. मरणाची हौस असलेला माणूस वर्षानुवर्षं श्वास रोखायचा सराव करत नाही.

एका पुस्तकाच्या अनुवादात मी 'लाटेतून निसटला' असं लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा ते 'लाटेवर मात केली' झालं होतं. विचारलं तर संपादकांचं उत्तर : निसटण्यात नायक पळपुटा वाटतो. वाटू दे की! तो पळालाच होता. हिंदीतल्या लहरीपासून तमिळमधल्या अलैपर्यंत आपल्या प्रत्येक भाषेला समुद्राशी वागायचे स्वतःचे शब्द आहेत. ते सोडून आपण सगळेच एका इंग्रजी मथळ्याचं भाषांतर करत बसलो आहोत.

पुढच्या हिवाळ्यात नाझरेचं छायाचित्र पुन्हा येईल. मथळा लिहिणाऱ्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात : स्की कोण चालवत होतं, आणि सगळे परत आले का? उत्तरं मिळाली की ती छापावीत. फूट शेवटी लिहिले तरी चालतील.