पुरुष वंध्यत्व : संप्रेरकांचे उपचार कोणाला तारक, कोणाला मारक?

त्र्यंबकेश्वर येथे नारायण-नागबळीचा विधी करण्यासाठी देशभरातून येणाऱ्यांमध्ये अपत्यप्राप्तीची आस धरलेली अनेक दाम्पत्ये असतात. तेथे पती-पत्नी जोडीने पूजेला बसतात. जवळच्याच नाशिक शहरात डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली, की मात्र बहुधा पत्नीलाच पुढे केले जाते. वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा अनेकांपैकी एक कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते.

पुरुषाची तपासणी लांबणीवर पडते, तेव्हा आडवाटेचे उपाय सुरू होतात. त्यांत सर्वांत घातक ठरतो तो टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा. हे पुरुषी संप्रेरक, मग ते घेतल्याने शुक्राणूही वाढणारच, असा भाबडा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी 'एलएच' आणि 'एफएसएच' ही दोन संप्रेरके स्रवते. पहिल्याच्या आदेशाने वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते, तर दुसरे शुक्राणूंच्या निर्मितीला बळ देते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचले, की रक्तात ते पुरेसे आहे असे समजून मेंदू हे दोन्ही आदेश थांबवतो. वृषणातील निर्मिती त्यामुळे मंदावते किंवा पूर्ण बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेने याच गुणधर्माची चाचणी पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन देण्यात आले आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणू नाहीसे झाले. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी स्टिरॉइड घेणारा तरुण नकळत हाच प्रयोग स्वतःवर करीत असतो. औषध थांबविल्यावर शुक्राणू बहुधा परततात; परंतु त्यास कित्येक महिने, क्वचित दोन वर्षेही लागतात.

मग संप्रेरकांच्या उपचारांचा लाभ होतो तरी कोणाला? ज्यांची पीयूषिका ग्रंथीच पुरेसे आदेश देत नाही, त्यांना. असे रुग्ण शंभरात एक-दोनच असतात. पण त्यांच्यासाठी हा उपचार वरदान आहे. प्रथम 'एचसीजी' आणि गरज भासल्यास जोडीला 'एफएसएच' अशी इंजेक्शने सहा महिने ते दोन वर्षे घेतल्यावर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वीर्यात शुक्राणू दिसू लागतात. 'प्रोलॅक्टिन' वाढलेले असल्यास कॅबरगोलिनच्या गोळ्या उपयोगी पडतात, तर थायरॉइडचा बिघाड असल्यास त्यावरील उपचार करावे लागतात.

कारण सापडत नाही अशा रुग्णांना क्लोमिफिन वा लेट्रोझोल दिले जाते. त्यांचा लाभ मर्यादित आहे आणि प्रत्येकाला होईलच याची शाश्वती नाही. शुक्राणू नाहीत आणि 'एफएसएच' आधीच खूप वाढलेले आहे, अशा वेळी दोष बहुधा वृषणातच असतो. तेथे आदेश वाढवून फारसे काही साधत नाही. शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू मिळविणे किंवा दात्याचे शुक्राणू वापरणे, हे पर्याय मग पुढे येतात.

साहाय्यक जननतंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये संमत झाला, जानेवारी २०२२ पासून तो अमलात आला. टेस्ट ट्यूब बेबी केंद्रे आणि बीजपेढ्या यांना नोंदणी सक्तीची झाली. मात्र व्यायामशाळेत किंवा ओळखीच्या दुकानातून मिळणाऱ्या इंजेक्शनपर्यंत या कायद्याचा हात पोहोचत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या नाशिकमध्ये तरी याबाबतचे प्रबोधन व्यायामशाळांपर्यंत जायला हवे.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; त्यामुळे कोणत्याही उपचाराचा निष्कर्ष तीन महिन्यांआधी काढता येत नाही. त्याच काळात पत्नीचे वयही वाढत असते. म्हणूनच वीर्यतपासणी आणि रक्तातील संप्रेरकांची मोजणी या साध्या चाचण्या अगदी सुरुवातीलाच, पत्नीच्या तपासण्यांबरोबर व्हायला हव्यात. त्या टाळण्याची किंमत बहुतेकदा पत्नीलाच मोजावी लागते.