दुखणे देहाचे, आजार मनाचा

मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा मनुष्य ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. त्याचे डोके जड असते, अंगाची आग होते, छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. कंबर, पाठ, अशक्तपणा असे करत वर्षभर सलाइन आणि शक्तीची इंजेक्शने होतात, आणि मग कोणी एखादा जाणता डॉक्टर पुढची चिठ्ठी देतो. चिंता आणि नैराश्य यांच्या रुग्णांची ही नेहमीची वाट. मद्यासक्ताला बहुधा पत्नी किंवा आई घेऊन येते. स्किझोफ्रेनियाचा तरुण मात्र देवऋषी, अंगारे-धुपारे आणि ‘लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला संपल्यावर सर्वांत उशिरा पोचतो. आणि उशीर सर्वाधिक महाग पडतो तोही त्यालाच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या काळी उपचारयोग्य मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांविना होते. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर दिसतात ते थोडे, घरात आहेत ते पुष्कळ.

उमरगा परिसराला या विषयाचा एक दारुण इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरत होती. किल्लारीच्या भूकंपाने लातूरच्या औसा तालुक्यासह त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त केली. नंतर वाचलेल्यांची मानसिक तपासणी झाली, तेव्हा आघातोत्तर तणाव आणि नैराश्य हेच प्रामुख्याने आढळले. घरे पुन्हा बांधली गेली, पण झोप पुन्हा बांधता येत नाही. पुढे पावसाने आणि कर्जाने नव्या चिंता दिल्या. शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला, त्यात आपला जिल्हाही होता.

आता आपल्या घरातले. आपल्याकडे मनोविकाराला दोन उत्तरे तयार असतात : ‘पूर्वकर्माचा उदय’ आणि ‘स्वाध्याय वाढवा’. कर्मसिद्धान्त नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. परंतु असातावेदनीयाच्या उदयाने ज्वर आला म्हणून आपण कोणाची गोळी बंद करीत नाही; मग मनाच्याच आजाराला निराळा न्याय का? आर्तध्यान हा साधनेतील दोष असेल, नैराश्य हा वैद्यकाचा विषय आहे. आजारी माणसाला साधनेत कमी पडलास म्हणणे म्हणजे त्याच्या दुःखावर अपराधाचे ओझे चढविणे होय, आणि माझ्या मते तीही हिंसाच.

याहून निकडीची गोष्ट व्रतांची. रात्रिभोजनत्याग असणारे अनेक जण झोपण्यापूर्वीची गोळी परस्पर सोडून देतात. विचारले तर डॉक्टर पुष्कळ औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वीची करून देऊ शकतात. विचारलेच जात नाही. उन्माद-अवसादाच्या आजारात लिथियम घेणाऱ्याची बाब तर गंभीर आहे. निर्जल उपवासात शरीरातील पाणी घटते, तसे रक्तातील लिथियम वाढते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, चाल अडखळणे, भान हरपणे ही त्याच्या विषबाधेची लक्षणे, आणि घरचे मात्र ती उपवासाची ग्लानी समजून स्वस्थ बसतात. उपवासासाठी गोळीच बंद केली तर आजार उलटण्याची भीती. नैराश्यावरील औषधांना गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या पंधरवड्यातच ‘उपयोग नाही’ म्हणून ती टाकणाऱ्यांची संख्या मोठी असते.

चातुर्मास समोर आहे. घरात असे औषध चालू असेल तर पर्युषणाचे पच्चक्खाण घेण्याआधी महाराजांना आणि डॉक्टरांना दोघांनाही ते सांगावे. दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटत असेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.