राखेचे सिमेंट कच्चे नसते, कच्चे असते पाणी मारणे

शेतकरी बंधूंनो, मी शेतीखात्याचा माणूस. सिमेंटवर बोलतोय म्हणून हसू नका. नाला बांधांच्या कामांवर आम्हालाही उभे राहावे लागते.

गेल्या महिन्यात जुहूला नातेवाइकांकडे गेलो होतो. समुद्र हाकेच्या अंतरावर. गॅलरीच्या छताचा गिलावा निखळून आतली सळई गंजलेली दिसत होती. खारी हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत घरकुलांची, गोठ्यांची गत वेगळी नाही.

तरी दुकानात आपण काय म्हणतो? "राखेचं नको, ते कच्चं असतं." हा समज सोडा.

वीज केंद्रात दगडी कोळसा जळाल्यावर धुरातून पकडलेली बारीक राख कारखान्यातच सिमेंटमध्ये मिसळतात. भारतीय मानकानुसार पीपीसी सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असते. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतला स्लॅग दळून घातलेल्या पीएससीमध्ये स्लॅगचे प्रमाण २५ ते ७० टक्के. ही भेसळ नव्हे. सिमेंट भिजले की त्यातून चुना सुटतो. राख त्या चुन्याशी हळूहळू एकजीव होते आणि छिद्रे बुजवते. जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी घालत, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच खाऱ्या हवेत हे काँक्रीट जास्त टिकते.

पण 'हळूहळू' हा शब्द विसरू नका. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी लागते. या सिमेंटला किमान १०, आणि कडक उन्हाळ्यात १४ दिवस. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळतात आणि दोष राखेला देतात! सेंट्रिंग काढायचीही घाई नको. आणि राख तलावातली भरड राख आणून स्वतः कालवू नका. आयएसआय शिक्का पाहून गोणीच घ्या.

राख वापरली नाही तर ती जाते कुठे? जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख तलाव फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. भिंतीत न गेलेली राख अशी शिवारात येते.

सरपंच मंडळींनो, गावच्या कामात पीपीसी किंवा पीएससी नाकारू नका. मात्र पाणी मारल्याची रोजची नोंद मागा. बिल त्यानंतरच काढा.