तार होती, निगा नव्हती

पहिला जोराचा पाऊस झाला की जुन्या लँडलाइनमध्ये खरखर सुरू होते. दोन दिवसांनी टोन जातो आणि त्याच तारेवरचे इंटरनेटही बंद पडते. मुंबईपासून चिपळूणपर्यंत ज्यांनी वर्षानुवर्षे हे सोसले, त्यांचा निष्कर्ष एकच: तांब्याची तार इंटरनेटच्या कामाची नव्हतीच. आता घरोघरी फायबर येऊ लागल्यामुळे या समजावर शिक्कामोर्तबच झाले आहे. मला हा समज चुकीचा वाटतो आणि म्हणूनच घातकही. तांब्याच्या तारेचे आपल्याकडे जे मातेरे झाले त्याचे खापर धातूवर फोडले, की त्याच चुका फायबरच्या बाबतीत करायला आपण मोकळे होतो.

आधी या तारेची ताकद पाहू. टेलिफोनवरच्या बोलण्याला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागतो. जुना डायल-अप मोडेम याच पट्ट्यात कोंबलेला होता, म्हणून तो ५६ केबीपीएसच्या पुढे गेला नाही. पण एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांची जोडी याच्या शेकडो पट वरच्या कंपनसंख्याही वाहून नेऊ शकते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांनी एक सूत्र मांडले. घरातला माणूस पाठवतो कमी आणि मागवतो जास्त. मग दोन्ही दिशांना सारखी जागा न देता येणाऱ्या माहितीला मोठा वाटा द्यावा, म्हणजे तारांमधला परस्पर अडथळाही कमी होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चॉफी यांनी तो पट्टा शेकडो बारीक वाहिन्यांमध्ये विभागला आणि प्रत्येक वाहिनीवर तिला पेलेल एवढाच भार टाकला. यातून एडीएसएल हे तंत्र उभे राहिले.

१९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात या तंत्राचा कमाल वेग सुमारे ८ एमबीपीएस होता. २००३ मध्ये एडीएसएल-२ प्लसने तो २४ वर नेला. त्यानंतरच्या व्हीडीएसएल-२ ने कमी अंतरावर शंभरी गाठली. २०१० मध्ये व्हेक्टरिंग आले. एका केबलमधल्या शेकडो जोड्या एकमेकींच्या संदेशात ढवळाढवळ करतात. गर्दीच्या खोलीत सगळे एकदम बोलू लागले की कोणाचेच धड ऐकू येत नाही, तसे होते. व्हेक्टरिंगमध्ये हा गोंगाट आधीच मोजून वजा केला जातो. २०१४ च्या जी.फास्टने तर शंभर मीटरच्या आतल्या तारेवर कित्येकशे एमबीपीएस देऊन दाखवले. तार तीच, आजोबांनी नंबर लावून मिळवलेल्या काळ्या फोनची.

या सगळ्यात एक अट आहे, अंतराची. कंपनसंख्या जितकी जास्त तितकी ती तारेत लवकर विरते. एडीएसएल-२ प्लसचे २४ एमबीपीएस एक्स्चेंजपासून किलोमीटरभरातच मिळतात. पाच किलोमीटरवर एक-दोन मिळाले तरी पुष्कळ. म्हणून वेग वाढवायचा तर फायबर एक्स्चेंजमधून पुढे आणून रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत पोचवायचे आणि तांब्याचा प्रवास शेवटच्या काहीशे मीटरपुरता ठेवायचा, हा मार्ग जगभर घेतला गेला. दुसरी अट निगेची. सैल जोड, ओल शिरलेली पेटी, गंजलेला संपर्क यांनी बोलण्यात फक्त खरखर येते. ब्रॉडबँडचा वेग मात्र निम्म्यावर येतो किंवा लाइन सतत तुटते.

तिसरी अट तंत्राची नाही, धोरणाची आहे: ही तार कोणाकोणाला वापरू द्यायची? जपानमध्ये तारा एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या होत्या, पण त्या ठरलेल्या भाड्याने इतर कंपन्यांना देणे तिला बंधनकारक होते. त्याच तारा घेऊन २००१ मध्ये मासायोशी सोन यांच्या सॉफ्टबँकने ८ एमबीपीएसची सेवा बाजारात आणली, तीही त्या वेळच्या दरांना पार खाली खेचत. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये हानारो या नव्या कंपनीने एडीएसएल सुरू केले, जुनी कोरिया टेलिकॉम जागी झाली आणि २००२ अखेरीपर्यंत तिथले ब्रॉडबँड ग्राहक एक कोटीच्या पुढे गेले. दाट वस्तीच्या इमारती, म्हणजेच आखूड तारा, हे त्यांचे बलस्थान होते. मुंबई, ठाणे, पुणे इथे इमारतींची दाटी कमी होती असे कोण म्हणेल?

आपल्याकडे २००४ मध्ये हाच प्रश्न समोर आला होता. दूरसंचार नियामक ट्रायने त्या वर्षी एप्रिलमध्ये शिफारस केली की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर सेवादारांनाही वापरू द्याव्यात. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्ती नाकारली. कंपन्यांनी आपापसांत व्यावसायिक करार करावेत, एवढ्यावर विषय मिटवला. याच धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले आणि २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे डेटावन आले, मुंबईत एमटीएनएलचे ट्रायबँड आले. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असणारी योजना निघाली, तेव्हा कितीतरी तरुण गजर लावून उठत. मागणी होती, याचा आणखी काय पुरावा हवा? तरीही २०१० संपताना देशातले ब्रॉडबँड ग्राहक सुमारे एक कोटी दहा लाखच होते. उद्दिष्टाच्या निम्म्याच्या जरा पुढे.

सरकारी कंपन्यांची मालमत्ता खासगी स्पर्धकांच्या हाती का द्यायची, हा तेव्हाचा युक्तिवाद होता. कर्मचारी संघटनांची भीतीही खोटी नव्हती. पण ती तार लोकांच्या पैशातून जमिनीखाली गेली होती. तिच्यावर रास्त भाडे मिळाले असते तर ती निकामी पडून राहिली नसती आणि भाड्याच्या पैशातून तिची डागडुजीही झाली असती. मालमत्ता राखली असे म्हणत आपण ती मातीत कुजू दिली.

निगेचा प्रश्न तर याहून मोठा. एक्स्चेंजमधून निघालेली जाड केबल, रस्त्याकडेचा पिलर, इमारतीतली वाटपाची पेटी (डीपी) आणि तिथून घरात जाणारी तार, या साखळीत दर काही अंतरावर जोड असतो. कुठल्या पिलरमधली कुठली जोडी चांगली, कुठल्या जोडात पाणी शिरते, हे त्या भागातल्या लाइनमनला पाठ असे. रस्ता खोदताना केबल तुटायची, भंगारासाठी तांबे चोरीला जायचे, पिलरचे दार वर्षभर उघडे राहायचे. यावर उपाय एकच होता, हाताशी माणूस आणि साहित्य असणे. मोबाइल वाढत गेला तसे कंपन्यांनी दोन्हींवरचे लक्ष काढून घेतले. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेतून बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलचे सुमारे १४ हजार कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. पगाराचा बोजा उतरला, हे खरे. पण लाइन कुठून कुठे जाते याचे जे ज्ञान कागदावर कधी उतरलेच नव्हते, तेही त्या दिवशी गेले.

तांबे चालू शकत होते, याचे उदाहरण इथेच आहे. २०१६ मध्ये एअरटेलने व्ही-फायबर नावाने १०० एमबीपीएसपर्यंतची सेवा आणली. ती व्हेक्टरिंगवर, म्हणजे ग्राहकाच्या घरातल्या तांब्याच्याच तारेवर चालत होती. पण तोवर जिओचे स्वस्त मोबाइल इंटरनेट आले होते आणि फायबरही स्वस्त होत चालले होते. तांब्याची वेळ निघून गेली होती.

म्हणून आज कोणी तांब्यावर नव्याने पैसा घाला म्हणेल, तर मी विरोध करीन. ऑस्ट्रेलियाचा अनुभव ताजा आहे. तिथे २००९ मध्ये बहुतेक घरांपर्यंत फायबर नेण्याची राष्ट्रीय योजना ठरली. २०१३ मध्ये सरकार बदलले आणि लवकर व स्वस्तात काम उरकावे म्हणून लाखो घरांसाठी रस्त्याच्या पेटीपर्यंत फायबर व पुढे जुने तांबे हा मार्ग निवडला गेला. २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला त्यातल्या अनेक घरांपर्यंत फायबर नेण्यासाठी अब्जावधी डॉलर पुन्हा काढावे लागले. तांब्याचा काळ १९९९ ते २०१५ हा होता. तो कोरिया, जपान आणि युरोपातल्या अनेक देशांनी वापरून घेतला. आपण बहुतांशी वाया घालवला.

आता मुद्दा आजचा. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे ठरवले. महाराष्ट्रात महानेट हा तिचाच भाग. अनेक गावांत केबल पोचली, पेटी बसली आणि पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर बंद पडून राहिली. कुठे रस्तारुंदीकरणात तुटली, कुठे वीज नाही, कुठे पुढे घरांपर्यंत नेणारे कोणी नाही. फायबरला गंज चढत नाही, पण जेसीबीचा दात त्यालाही लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित योजनेत एकीकडून तुटले तरी दुसरीकडून चालू राहील अशी वर्तुळाकार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल धरली आहे. हा शहाणपणा उशिरा का होईना आला, त्याचे मी स्वागत करतो. तो कागदावर राहू नये, एवढ्यासाठी तीन गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात.

पहिली, प्रत्येक ग्रामपंचायतीची जोडणी महिन्यातले किती तास चालू होती आणि बिघाड किती तासांत दुरुस्त झाला, हे आकडे जाहीर व्हावेत. किती किलोमीटर केबल टाकली हा आकडा ठेकेदाराच्या बिलासाठी ठीक आहे, नागरिकाच्या उपयोगाचा नाही. दुसरी, हे फायबर गावातल्या केबलवाल्यापासून मोठ्या कंपनीपर्यंत सर्वांना एकाच जाहीर दराने मिळावे. २००४ मध्ये जे नाकारले ते इथे नाकारू नये. तिसरी, देखभालीचा निधी केबल टाकण्याच्या हिशेबातून वेगळा ठेवावा आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यातच असावा.

शहरातल्या वाचकांनाही काही करता येईल. तीन दिवसांहून अधिक काळ ब्रॉडबँड बंद राहिले तर भाड्यात सूट देण्याची तरतूद ट्रायने २००६ मध्येच केली होती. फार थोडे ग्राहक ती मागतात. तक्रार फोनवर सांगून थांबू नका. तिचा क्रमांक घ्या, तारीख लिहून ठेवा, पुढच्या बिलात सूट दिसली नाही तर लेखी मागा. गावातल्या वाचकांनी ग्रामसभेत एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या पंचायतीतली पेटी आज चालू आहे का, आणि नसेल तर ती कोणी आणि कधीपर्यंत दुरुस्त करायची? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. नोंद झालेल्या प्रश्नाला टाळणे कठीण जाते.