राखणीच्या कुत्र्याचे शिक्षण

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या गल्ल्यांत राहून शहराबाहेरील शेती कसणाऱ्यास रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव नवा नाही. अशा वेळी मॅस्टिफसारखा दांडगा कुत्रा पाळावा, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ५० किलोंहून अधिक वजनाचे, कोणाचेही न ऐकणारे जनावर साखळीस बांधून ठेवणे म्हणजे राखण नव्हे. गल्लीत खेळणाऱ्या मुलांना तो धोकाच होय.

पिलू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. घरी आणताच त्यास माणसे, मुले व गुरे यांची सवय लावावी. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे शब्द घरातील सर्वांनी एकसारखे वापरावेत आणि आज्ञा पाळताच भाकरीचा तुकडा द्यावा. हाकेसरशी आलेल्या कुत्र्यास मागील खोडीबद्दल काठी मारण्याची चूक फार घडते. असा कुत्रा पुढे हाकेला येतच नाही.

वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. त्यामुळे जड देहाच्या, आखूड तोंडाच्या जातीस हे ऊन सोसत नाही. त्यापेक्षा काटक गावठी पिलू बरे. शिकवण त्यासही हीच. रानडुकरावर मात्र कुत्रा सोडू नये, सुळ्यांनी तो फाडला जातो. भुंकून धन्यास जागे करणे, एवढेच त्याचे काम.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. पुढील लशीची तारीख धन्याने लिहून घ्यावी.