थेंबाचे चूर्ण

पेडणे महालातील मोपाचे पठार आज विमानतळामुळे सर्वतोमुखी झाले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. परंतु या परिसराची जुनी ओळख काजूची. काजूची बी वर्षभर टिकते. बोंड मात्र एक दिवसही धीर धरीत नाही. कोळंबीत तुडविलेल्या बोंडांचा पहिला रस आंबविण्यासाठी जातो. उरलेल्या चोथ्यावर ओझे ठेवले म्हणजे जो रस ठिबकतो, तो नीरो. सकाळी मधुर असलेला हा नीरो सायंकाळपर्यंत आंबू लागतो. म्हणून गोव्यातील बहुतेक बोंडांचा रस भाटीकडे जाऊन हुर्राक आणि फेणी होतो. ज्याला आपला माल टिकविता येत नाही, त्याला त्याचा भावही ठरविता येत नाही, हे यामागील कटू अर्थशास्त्र होय.

द्रवातील पाणी काढून टाकले की तो टिकतो, हे आपल्या गृहिणींस सांगावयास नको. उसाच्या रसाचा गूळ आणि दुधाचा खवा आपण त्याच न्यायाने करतो. परंतु तासन् तास आटविल्याने रंग, वास, चव सारेच पालटते. न आटविता सुकविण्याची युक्ती म्हणजे तुषार-शुष्कन. सॅम्युएल पर्सी यांनी १८७२ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले.

उंच पोलादी कोठीच्या माथ्यावर वेगाने फिरणारी चकती द्रवाचे सूक्ष्म तुषार करते. समोरून तापलेली हवा येते आणि काही सेकंदांत कोरडी भुकटी तळाशी उतरते. यातील मर्म साध्या गणिताचे आहे. एक लिटर द्रवाचा एकच गोळा कल्पिला, तर त्याचा पृष्ठभाग अर्ध्या चौरस फुटाएवढा भरेल. त्याचेच एक दशांश मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर ते सुमारे १९० कोटी होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर, म्हणजे शाळेच्या एका मोठ्या वर्गाएवढा! हवा दीडशे-दोनशे अंश सेल्सिअस तापलेली असूनही थेंब करपत नाही. कारण मातीच्या माठाप्रमाणे पाणी उडत असेतो तो स्वतःस थंड राखतो.

या युक्तीने आपल्याकडे काय घडविले, ते आणंदला पाहावे. हिवाळ्यात खेडा जिल्ह्यातील म्हशी भरपूर दूध देत. मुंबईची दूध योजना तेवढे घेत नसे आणि उत्पादकाचे नुकसान होई. म्हशीच्या दुधाची भुकटी होणे नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखविली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील कारखान्याचे उद्घाटन झाले आणि हिवाळ्याचे दूध उन्हाळ्यासाठी राखता येऊ लागले.

मग नीरोचे असे का होऊ नये? येथे निसर्गाचा एक अडसर आहे. फळांच्या रसातील साखर आणि आम्ल उष्णतेने चिकट होतात व भुकटी कोठीच्या भिंतींस चिकटून बसते. त्यासाठी रसात माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून केलेले द्रव्य मिसळावे लागते. आमसुलाच्या वा आंब्याच्या भुकटीचे पाकीट घेताना त्यावरील घटकांची यादी अवश्य वाचावी. फळापेक्षा त्याचेच नाव आधी असेल, तर आपण अधिक पैसे कशाचे मोजतो, हे ध्यानी येईल. शिवाय सुगंधाचा काही अंश पाण्याबरोबर उडून जातो, तो परत येत नाही.

योगायोग असा की, ही यंत्रे करणारी एक विख्यात डॅनिश कंपनी ‘नीरो’ याच नावाने ओळखली जाई. परंतु नावाच्या साम्याने काम होत नाही. असे यंत्र एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातील नव्हे आणि दोन-तीन महिन्यांच्या हंगामापुरते ते कोणासही परवडणारे नव्हे. काजूनंतर कोकम, पुढे दुसरे काही, असे वर्षभराचे काम त्याला हवे. आणंदला यंत्राच्या आधी दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला होता. पेडण्यालाही क्रम तोच ठेवावा लागेल. तोवर हंगामात गोव्यात आलात, तर नीरो ताजाच आणि सकाळीच घ्यावा.