आईची विस्मृती आणि जनुकांचे औषध



निपाणीजवळच्या एका खेड्यातून आमच्या एका वाचकबंधूंनी विचारले आहे: “माझी आई बहात्तर वर्षांची आहे. चाळीस वर्षे तिने विड्या वळल्या. आजही मांडीवर सूप ठेविले, की तिची बोटे आपोआप चालू लागतात. परंतु सुनेला ती आपल्या मृत बहिणीच्या नावाने हाक मारिते, आणि सकाळी खाल्लेली भाकरी दुपारी तिला आठवत नाही. पुण्याचा भाचा सांगतो, की परदेशात मेंदूत जनुक सोडून स्मृती परत आणितात. त्यासाठी दोन एकर जमीन विकावी काय?”

प्रश्न एका घरचा असला, तरी तो अनेक घरांचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, भारतात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष माणसांना स्मृतिभ्रंश असावा. आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले.

प्रथम बोटांचे कोडे पाहू. आल्झायमरच्या व्याधीत नव्या गोष्टी साठविणारा मेंदूचा भाग बहुधा आधी झिजतो. हातांच्या सवयी मेंदूच्या इतर भागांत वसतात; म्हणून त्या पुष्कळ काळ टिकतात. आई सोंग करीत नाही, हे घरातील सर्वांनी पक्के ध्यानात धरावे.

आता भाच्याच्या बातमीविषयी. तिच्यात सत्याचा अंश आहे. इटलीच्या विदुषी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ह्यांनी महायुद्धाच्या काळात घरातील खोलीतच प्रयोगशाळा मांडून कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचा अभ्यास केला. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत, स्टॅन्ली कोहेन ह्यांच्या सहकार्याने, मज्जापेशींना वाढविणाऱ्या व जगविणाऱ्या एका प्रथिनाचा शोध लागला. त्याबद्दल १९८६ साली उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हे प्रथिन सुईने का देऊ नये? कारण रक्तातून मेंदूत शिरताना जणू एक कुंपण आडवे येते. प्रथिन ते ओलांडू शकत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातील डॉ. मार्क टुझिन्स्की ह्यांनी निराळी युक्ती योजिली. प्रथिन बनविण्याची आज्ञा ज्यात लिहिलेली असते, ते जनुकच मेंदूत नेऊन ठेवावयाचे! २००१ साली त्यांनी रोग्याच्या स्वतःच्या त्वचेतील पेशींत हे जनुक घालून त्या पेशी शस्त्रक्रियेने मेंदूत रोविल्या. पुढे निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडून हे ओझे वाहून नेण्यात आले.

आशा मोठी होती. परंतु ४९ रोग्यांवर जी काटेकोर परीक्षा झाली, तिचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना खरे जनुक, तर काहींना केवळ शस्त्रक्रियेचा देखावा, अशी ती तुलना होती. दोन्ही गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही. मागाहून मृत रोग्यांचे मेंदू तपासता कळले, की औषध नेमक्या पेशींपर्यंत पोहोचलेच नव्हते. पाटाचे पाणी शेताच्या बांधाशीच मुरावे, तसे झाले. संशोधकांनी आपले अपयश लपविले नाही, ही गोष्ट गौरवाची आहे. २०२१ साली त्यांनी दुसऱ्या एका संरक्षक प्रथिनाची परीक्षा जाहीर केली. तीत अवघे बारा रोगी घेण्याचे ठरले, आणि उपाय निर्धोक आहे की नाही, हे पाहणे हा तिचा मुख्य हेतू.

तात्पर्य, आल्झायमरवर जनुकांचे मान्यताप्राप्त औषध जगात कोठेही विकत मिळत नाही. जो कोणी पैसे घेऊन ते देऊ म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवावे. खऱ्या परीक्षेत रोग्याकडून औषधाची किंमत मागत नाहीत. सबब, बंधो, जमीन विकू नका.

मात्र स्वस्थही बसू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, मनाचे औदासीन्य, किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम ह्यांनीही विस्मृती जडते, आणि तिच्यावर पुष्कळदा उपाय होतो. तेव्हा बेळगावास किंवा कोल्हापुरास आईला तज्ज्ञाकडे नेऊन रक्त तपासून घ्या. आल्झायमरच निघाला, तर काही काळ लक्षणे सौम्य ठेवणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या रोग मुळापासून काढीत नाहीत. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवा. कानांनी कमी ऐकू येत असल्यास त्याचाही उपाय करा.

आपल्याच राज्यात, कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर भागात, बंगळूरचे मेंदू-संशोधन केंद्र ग्रामीण लोकांची वर्षानुवर्षे तपासणी करीत आहे. खेड्यातील माणसांचा मेंदू कसा वृद्ध होतो, हे त्यातून उलगडेल. उद्याचे औषध अशा धीराच्या कामातूनच निघावयाचे.

तोवर आईने सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारिली, तर सूनबाईंनी “मी ती नव्हे” असे पुनःपुन्हा बजावू नये. “आले हो” म्हणावे आणि जवळ बसावे. सुपात तंबाखूऐवजी निवडावयास शेंगा द्याव्यात. नाव विसरले, तरी आपल्याशी कोण मायेने वागते, हे तिला कळते. ती ओळख अद्याप तिच्यापाशी आहे. ती जपणे आपल्या हाती आहे.